जोंगाचं सहा सिलिंडरचं इंजिन: रिंगा टाकाव्या, पूर्ण बांधावं की डिझेल बसवावं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे. आर्वीकडच्या वावरात आणि पांदण रस्त्यावर चालवायला तुम्ही लष्कराच्या लिलावातली पेट्रोल जोंगा जीप घेतली. आता ती चढावर निळा धूर मारते, गरम झाली की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो आणि दुपारी पाणी उकळतं. गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणतो, रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) टाकून देतो. नागपूरचा लेथवाला म्हणतो, ब्लॉक (इंजिनाचं ओतीव धड) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो लांब दांडा) घेऊन या, सगळं करून देतो. चुलतभाऊ म्हणतो, पेट्रोल काढा, डिझेल टाका. ऐकायचं कोणाचं?

आज तरी कोणाचंच नाही. तिघांपैकी एकानेही इंजिन मोजलेलं नाही. मोजमाप झालं की उत्तर आपोआप निघतं, आणि बहुतेक वेळा ते या तिघांच्या मधलंच कुठलं तरी असतं.

आधी तुमच्या हातात काय आहे ते पाहा. जोंगा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ ते १९९९ या काळात बनली, मूळ गाडी निसान पॅट्रोल ६०. इंजिन एका ओळीत सहा सिलिंडर, बोर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८५.७ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास ११४.३ मिमी, एकूण ३९५६ सीसी. बोरपेक्षा स्ट्रोक इतका लांब म्हणजे हे इंजिन पळण्यासाठी नाही, ओढण्यासाठी आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११.४ मीटरच्या पुढे जातो, म्हणून महामार्गावर ते दमतं. पण चिखलात सेकंड गिअरमध्ये, क्लच न दाबता जी ताकद मिळते ती याच लांब स्ट्रोकची.

आपल्या भागातला मिस्त्री हुशार नसतो असं नाही. त्याचा हात तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर बसलेला असतो, एवढंच. ट्रॅक्टरला पाण्यात बसणारा लायनर, म्हणजे सिलिंडरची बदलता येणारी नळी, असतो. जुना लायनर ओढून काढला, नवं लायनर-पिस्टनचं किट टाकलं, संध्याकाळी वावरात नांगर सुरू. जोंगाच्या इंजिनाचं काम असं किटवर भागत नाही. इथे बोर ब्लॉकमध्येच मशिनवर करावा लागतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लांबी. क्रँक लांब, हेड लांब, ब्लॉक लांब, पाण्याला पुढून मागे जायचा रस्ता लांब. तीन सिलिंडरमध्ये खपून जाणारा वाकडेपणा इथे खपत नाही. या इंजिनाच्या बांधणीत मी जी काही पथ्यं सांगतो, त्यातली निम्मी या लांबीमुळे आहेत.

खोलण्याआधी

इंजिन गाडीत असतानाच तीन तपासण्या करा. पहिली, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते. इंजिन गरम, सहाही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. सहा आकडे लिहून ठेवा. आकडा किती यापेक्षा सहा आकड्यांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली असेल तर तिथे काहीतरी आहे. मग कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा-बोर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील, समजा तीन आणि चार, तर त्या दोघांच्या मधली गॅस्केट फुटलेली असू शकते. तुमचं पाणी उकळतं म्हणून हे आवर्जून पाहा. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे येत असतील तर शंका पक्की. झाकण मात्र इंजिन गार असतानाच काढा.

दुसरी, धूर कधी येतो ते. चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर म्हणजे बहुधा रिंगा आणि बोर. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट उतरताना पाय काढलेला असतो. तळाशी येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दिला आणि निळा लोट आला, तर व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून) ऑइल ओढलं जातंय. दोन्हीकडे येत असेल तर दोन्ही कामं.

तिसरी, ऑइल प्रेशर. डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर विश्वास ठेवू नका. सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा भाग) काढून तिथे नळीचा साधा गेज लावा आणि गरम इंजिनावर पाहा. जुन्या इंजिनांसाठी दर हजार फेऱ्यांना साधारण १० पीएसआय हा ठोकताळा अजून चालतो. त्याच्या बराच खाली असेल तर बेअरिंग उघडावीच लागतील, आणि मग नुसत्या रिंगा टाकायचा विषय तिथेच संपला. खालचं प्रेशर पडलेलं असताना वर नव्या रिंगा टाकून कॉम्प्रेशन वाढवलं, तर त्या दमलेल्या बेअरिंगवर भार वाढतो आणि काही महिन्यांत तळ वाजायला लागतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला हेच दिसतंय.

डिझेलचं काय

चुलतभावाचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. रोज शंभर किलोमीटर चालवणार असाल तर पेट्रोल परवडणार नाही, हे साधं गणित आहे. पण इंजिन बदलणं म्हणजे नुसते माउंट वेल्ड करणं नव्हे. डिझेलच्या फेऱ्या वेगळ्या, गिअरबॉक्सशी जोडायची प्लेट आणि क्लच वेगळा, पुढच्या ॲक्सलवरचं वजन वेगळं, रेडिएटर वेगळा. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदीशी न जुळणारा असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आरसी बुकावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पाहील. वावर, धुरा आणि महिन्यातून दोनदा अमरावती एवढाच वापर असेल तर मी पेट्रोल ठेवीन. ब्लॉक बदलावा लागला तरी इंजिन नंबर बदलतो, तेव्हा आरटीओला कळवून नोंद करून घ्या.

खोलताना

चेन कप्पी आणि मजबूत तिपाई लागेल. हे इंजिन ओतीव लोखंडाचं आहे, ट्रॅक्टरच्या शेडमधल्या लाकडी वाशावर टांगू नका. काढताना प्रत्येक वस्तू कुठली, कुठल्या दिशेची, हे खुणावून ठेवा. मेन बेअरिंगच्या (ज्यांत क्रँक फिरते) कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) कॅप कधीही आपापसांत बदलत नाहीत. त्या जागेवर बसवूनच मशिन केलेल्या असतात. नंबर दिसत नसतील तर पंचने टिंब मारा. टॅपेट (कॅमशाफ्टवर टेकून पुशरॉड उचलणारे ठोकळे) पुन्हा वापरणार असाल तर जो कॅमच्या ज्या लोबवर (उंचवट्यावर) होता तो तिथेच गेला पाहिजे. पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून त्यात पुशरॉड क्रमाने खोचून ठेवा, काम भागतं.

पिस्टन बाहेर आले की माथा पुसून त्यावरचा आकडा वाचा. ०.५० किंवा १.०० असं कोरलेलं दिसलं तर इंजिन आधी बोर झालेलं आहे. लष्करी गाड्यांची इंजिनं वर्कशॉपमध्ये उघडून बांधली जातात, त्यामुळे ही शक्यता खरी धरा. बेअरिंग शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्यांच्या) पाठीवरही अंडरसाइजचा, म्हणजे क्रँक आधी किती बारीक केली त्याचा, आकडा असतो. हे न पाहता आधीच पिस्टन मागवणारे लोक मी पाहतो, आणि मग ते पिस्टन कपाटात पडून राहतात.

रिंगाही नीट पाहा. वरची रिंग खूप झिजलेली आणि ऑइल रिंग त्या मानाने चांगली असेल, तर धूळ वरून, म्हणजे एअर क्लीनरच्या बाजूने गेली आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीवर बैलबंडीमागे गाडी चालवली की धुळीचा ढग सरळ इंजिनात जातो. ऑइलबाथ एअर क्लीनर असेल तर त्यातलं ऑइल कोणी बदलत नाही आणि क्लीनर ते कार्ब्युरेटर यामधला रबरी पाइप तडकलेला असतो. दहा-पंधरा रुपयांची क्लिप ढिली असते आणि सहा बोर खाऊन टाकते. इंजिन बांधून झाल्यावर हा पाइप तोच जुना लावला तर सगळं काम पुन्हा.

ब्लॉक

ब्लॉक धुण्याआधी सगळे वेल्च प्लग (पाण्याच्या जाकिटाची पत्र्याची बुचं) आणि ऑइल गॅलरीचे (ऑइलच्या मार्गांचे) स्क्रू-प्लग काढायलाच सांगा. लेथवाला न सांगता काढत नाही. पाण्याच्या जाकिटात मागच्या बाजूला, पाचव्या-सहाव्या सिलिंडरभोवती, गाळ आणि क्षार दगडासारखे बसलेले असतात. आपल्या बोअरवेलच्या पाण्याची ही कमाई. पाणी पुढून येतं, शेवटपर्यंत पोचेपर्यंत त्याला वाट राहत नाही, आणि सहावा सिलिंडर तापतो. तार, पेचकस, पाण्याचा जोर, जे लागेल ते वापरा. नंतर गरम कॉस्टिकच्या टाकीत ब्लॉक टाका. काही जुन्या सहा सिलिंडर इंजिनांत पाणी सगळीकडे वाटायला ब्लॉकच्या आत पत्र्याची लांब नळी असते. तुमच्या ब्लॉकमध्ये तशी निघाली आणि ती गंजलेली असली तर नवी करून घ्या, नाहीतर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी उकळेल.

आता मोजणी. प्रत्येक बोर तीन उंचीवर, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: क्रँकच्या लांबीच्या दिशेत एकदा आणि आडवा एकदा. सहा सिलिंडरचे छत्तीस आकडे होतात, कागदावर तक्ता करा. सगळ्यात जास्त झीज वर, पहिली रिंग जिथून परतते तिथे आणि आडव्या दिशेत असते. वर-खाली ०.१० मिमीपर्यंत फरक असेल तर होन मारून (दगडाने बारीक घासून) नव्या रिंगांवर काही वर्षं काढता येतात, ०.१५ च्या पुढे गेलात तर रिंगांचे पैसे वाया. आणि एक सिलिंडर खराब असला तरी सहाही एकाच ओव्हरसाइजला, म्हणजे एकाच वाढीव मापाला, करा.

इथे उन्हाळ्याची एक गंमत आहे, ती पुस्तकात मराठीत कुठे सापडत नाही. मे महिन्यात आपल्या टिनाच्या शेडमध्ये ब्लॉक ४५ अंशाला असतो आणि मायक्रोमीटर एसी खोलीतून आलेला २५ अंशाला. ८५.७ मिमीचा लोखंडी बोर २० अंशाच्या फरकाने साधारण ०.०१८ मिमी फुगतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन त्याच फरकाने जवळपास दुप्पट, ०.०३५ मिमीच्या आसपास. पिस्टन आणि बोरमधली फट शतांश मिलिमीटरमध्ये मोजतात, तिथे ही चूक छोटी नाही. म्हणून ब्लॉक, पिस्टन आणि मोजायची हत्यारं रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि पहाटे, ऊन चढायच्या आत मोजा. पिस्टन आधी हातात घ्या, ते मोजून द्या आणि मग बोर करायला सांगा. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर बोर करू नका. फट किती ठेवायची ते पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर असतं, तेच प्रमाण माना.

बोर करताना मेन बेअरिंगच्या सगळ्या कॅप टॉर्क पान्याने कसलेल्या असाव्यात. ढिल्या ब्लॉकचा बोर गोल निघतो आणि कसल्यावर अंडाकृती होतो. शेवटचं होनिंग तिरप्या जाळीचं, दोन रेघांचा कोन साधारण ४५ ते ६० अंश. नंतरची धुलाई पेट्रोल-डिझेलने करू नका, त्याने होनिंगची पूड खाचेत तशीच बसते. गरम पाणी, कपड्यांचा साबणचुरा आणि ब्रश. मग ऑइल लावलेल्या पांढऱ्या सुती कापडाने बोर पुसा. कापड काळं होतंय तोवर पुन्हा धुवा. माझ्या मते अख्ख्या बांधणीत एवढ्या स्वस्तात एवढा फायदा दुसऱ्या कुठल्या कामात नाही.

क्रँक

तुमचं ऑइल प्रेशर इथे अडकलंय. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे भाग, मोजा, गोलाई आणि निमुळतेपणा दोन्ही. झीज ०.०३-०.०५ मिमीच्या पुढे असेल तर ग्राइंड करून पुढच्या अंडरसाइजला जा: ०.२५, ०.५०, ०.७५. ग्राइंडरवाल्याला दोन गोष्टी लेखी द्या. जर्नलच्या दोन्ही कडेला जी गोलाई असते ती तशीच राहिली पाहिजे; काटकोनात काप दिला तर लांब क्रँक तिथूनच तडकते. दुसरं, ऑइलच्या भोकांच्या कडा ग्राइंड झाल्यावर किंचित मोडून घ्या आणि आतले मार्ग तारेच्या ब्रशने साफ करा, कारण ग्राइंडिंगची पूड तिथेच लपते.

मग सरळपणा. दोन्ही टोकांच्या मेन जर्नलवर क्रँक व्ही-ब्लॉकमध्ये ठेवा, मधल्या मेनवर डायल लावा आणि फिरवा. डायल ०.०५ मिमीच्या वर फिरला तर ग्राइंडिंगच्या आधी सरळ करून घ्या. नंतर सरळ केलेली क्रँक पुन्हा ग्राइंड करावी लागते. तीन सिलिंडरवाल्यांची ही तपासणी बहुधा राहून जाते. आणखी एक: ग्राइंड झालेली क्रँक पिकअपच्या डाल्यात नुसती टाकून नागपूरहून आणू नका. ऑइल लावलेल्या फडक्यात गुंडाळा, गोणपाटावर ठेवा, मधेही टेकू द्या. घरी आली की उभी ठेवा.

तडे पाहायला तीन डब्यांचा लाल डाय स्प्रे मिळतो, तो कुठल्याही वेल्डिंग-साहित्याच्या मोठ्या दुकानात मागा. क्रँक, हेडमधल्या व्हॉल्व्हच्या मधल्या जागा आणि कनेक्टिंग रॉड या तीन ठिकाणी वापरा.

रॉडबद्दल एक खास आपल्याकडचं. पावसाळ्यात नाला भरलेला असताना कधी गाडी पाण्यात बंद पडली होती का, हे आधीच्या मालकाला विचारा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि कोणी स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. कधी इतका थोडा वाकतो की इंजिन चालत राहतं आणि एकाच बाजूने पिस्टन घासत राहतो. सहाही रॉड अलाइनमेंट जिगवर तपासा. पिस्टन आणि रॉडची वजनंही सोनाराच्या काट्यावर जुळवून घ्या, काही ग्रॅमचा फरक चालतो, त्यापेक्षा जास्त नको. सहा सिलिंडरचं इंजिन जन्मतः समतोल असतं, तो समतोल आपण बिघडवू नये.

बेअरिंगची फट मोजायला प्लास्टिगेजचा धागा वापरा (कॅप कसल्यावर तो चपटा होतो, त्याच्या रुंदीवरून फट कळते). ठोकताळा असा की जर्नलच्या दर २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमी. कॅमशाफ्टचे बुश मात्र विसरू नका. लोक मेन आणि रॉडचे शेल नवे टाकतात, कॅमचे बुश जुनेच ठेवतात आणि मग प्रेशर का चढत नाही म्हणून ऑइल पंप बदलत बसतात. रॉकर शाफ्टचंही तेच.

पुढच्या पुलीत रबराचा थर असलेला डॅम्पर असेल तर तोही पाहा. लांब क्रँक पिळवटून कंपते, ते कंप हा रबर खातो. रबर सुकून बाहेरची रिंग सरकली की टायमिंगची खूण खोटी बोलते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर आल्यावर खूण जुळते का, ते प्लगच्या भोकातून खात्री करून घ्या.

हेड आणि व्हॉल्व्ह

लांब हेड वाकतं, आणि उकळलेल्या गाडीचं तर हमखास. चांगली स्टीलची सरळ पट्टी लांबीत, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज घाला. ०.१० मिमीचं पान गेलं तर फेसिंग करा, म्हणजे मशिनवर तळ सपाट करून घ्या. ब्लॉकची वरची पातळीही अशीच तपासा. हेड फेस करून वाकड्या ब्लॉकवर बसवण्यात अर्थ नाही.

एक्झॉस्ट सीटचा प्रश्न वेगळा आहे. जोंगाचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं आणि देशभर शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. म्हणजे हे इंजिन शिशाच्या जमान्यातलं. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट सीटला थर देऊन झीज थांबवत असे. बिनशिशाच्या पेट्रोलवर भार टाकून चालवलं की साधी ओतीव सीट खचते, टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. हेड बाहेर आहेच, तर कडक धातूच्या सीट रिंगा एक्झॉस्टला बसवून घ्या आणि गाइडही बदला. इनलेटला बहुधा गरज नसते.

हेड बसवताना बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत कसा. एका टोकापासून कसत गेलात तर गॅस्केट सुरकुतते, लांब हेडवर जास्तच. टॉर्कचे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमधलेच घ्या, कोणाच्या हाताच्या अंदाजाने नको. बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल साचलेलं नको, आटे टॅपने साफ हवेत.

बांधताना

रिंगांच्या तोंडांतली फट बोरमध्ये घालून मोजा. दर इंच व्यासाला तीन ते चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरलं तर या बोरला ०.२५ ते ०.३५ मिमी येते. आपल्या उन्हात आणि वावरातल्या कामाला मी वरच्या टोकाकडे जातो. फट कमी पडली तर तापल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि रिंग तुटते. थोडी जास्त असली तर काही बिघडत नाही. प्रत्येक पिस्टनवर रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ देऊ नका.

मेन कॅप एकेक कसून झाली की क्रँक हाताने फिरवून पाहा. तिसरी कॅप कसल्यावर अचानक जड झाली तर तिथेच थांबा, सगळ्या कसून मग शोधायला बसू नका. मागच्या मेनला जुन्या पद्धतीचं दोरीचं सील निघालं तर ती दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका, ऑइलने ओली करून काढा.

टॅपेट बसवायची युक्ती सांगतो, ती लक्षात राहिली तर पुस्तक लागत नाही. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. या इंजिनात सिलिंडर जोडीने वर येतात: पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा. प्रत्येक जोडीची बेरीज सात. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलताना दिसतात, म्हणजे एक्झॉस्ट मिटतोय आणि इनलेट उघडतोय, त्याच्या सातच्या जोडीदाराचे दोन्ही टॅपेट तेव्हा पूर्ण सैल असतात. सहावा डुलला की पहिल्याची फट घ्या, क्रँक १२० अंश फिरवा, दुसरा डुलेल, पाचव्याची घ्या, आणि असंच पुढे. क्रँक दोनदा फिरली की बाराही टॅपेट झाले.

पाणी आणि इंधन

गाडी उकळते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची विदर्भात फार जुनी सवय आहे. करू नका. रेडिएटर ठीक असेल तर उन्हाळ्यात थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडाच असतो. तो काढल्याने थंडीत मात्र इंजिन गारच चालतं, न जळलेलं पेट्रोल बोर धुतं आणि ऑइल पातळ होतं. उकळण्याचं कारण दुसरीकडे शोधा. रेडिएटरच्या जाळीत तुरीचं कुटार आणि कापसाचे तंतू बसतात. पाण्याचा मारा इंजिनाच्या बाजूने पुढे करा, समोरून मारलंत तर ते आणखी आत जातात. फॅनभोवतीचं पत्र्याचं कवच गायब असेल तर परत बसवा. आतले क्षार लिंबूसत्ताच्या गरम पाण्याने सुटतात, नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा. आणि पुढे कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच. बोअरवेलचं पाणी पुन्हा घातलं तर ब्लॉक साफ केल्याचे पैसे दोन उन्हाळ्यांत बुडाले.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत, इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या घ्या. त्या पेट्रोलवर जुन्या जेटला मिश्रण पातळ पडतं. प्लगचा रंग पांढरट आला तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक घर मोठा करा, कारण पातळ मिश्रण आणि खचणारी एक्झॉस्ट सीट ही वाईट जोडी आहे. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि ओल जास्त झाली की पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं.

पहिला स्टार्ट

ऑइल पंपाचे गिअर बसवतानाच व्हॅसलीनने भरून ठेवा. स्टार्ट करण्याआधी सहाही प्लग काढून स्टार्टरने थांबत-थांबत फिरवा, नळीच्या गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. प्रेशर दिसलं नाही तर प्लग लावू नका. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, आणि टॅपेट सपाट तळाचे असल्यामुळे त्यात जस्ताचं प्रमाण चांगलं हवं. नव्या गाड्यांसाठीची पातळ ऑइलं इथे नकोत. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर इंजिन लागल्या-लागल्या १५०० ते २००० फेऱ्यांवर वीस मिनिटं चालवा, आयडलवर सोडू नका. पाण्याचा पाइप आणि एक माणूस शेजारी उभा ठेवा. शेजारीपाजारी जमतील, कोणीतरी ॲक्सिलरेटर ओढायला हात घालेल, त्याला लांब ठेवा.

त्यानंतर गाडी उभी करून घरघर चालवत बसू नका, रिंगा भाराशिवाय बसत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये मध्यम वेगाने जा, थोडा जोर द्या, मग पाय काढून गाडी स्वतःहून हळू होऊ द्या, पुन्हा जोर द्या. असं बऱ्याच वेळा. घाट, ट्रॉली आणि चिखल पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये टाळा. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे की नाही हे गॅस्केटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. कसायचे असतील तर गार इंजिनावर, आणि टॅपेट त्यानंतर पुन्हा पाहा.

पहिलं ऑइल ५० किलोमीटरला काढा, दुसरं ५०० ला. फिल्टर फेकू नका, कापून कागद उलगडा आणि उन्हात धरा. करड्या रंगाची बारीक पूड अपेक्षित आहे. चकचकीत चांदीसारखे किंवा तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. गाडी जिथे आहे तिथेच ठेवा, संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवा आणि शेल पाहा.